बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या हिंदी डिव्हिजनला पुणे डिव्हिजन म्हणत. तिच्यात मराठा पलटणी होत्या. तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात उपासमारीने आणि आजारांनी ही फौज खंगली. २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली आणि पुढे कैदेतही पुष्कळ शिपाई दगावले. या आघाडीवर ज्यांना कबरही मिळाली नाही, त्यांचं स्मारक १९२९ साली बसऱ्याला उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त एक आकडा आला. त्यांची नावं नोंदवहीत होती, भिंतीवर घेतली नाहीत.

हे ज्या संस्थेच्या हातून घडलं तिचा पायाच समानतेचा होता. फेबियन वेअर यांच्या खटपटीतून १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं. सेनापती असो की शिपाई, सर्वांना एकाच मापाची शिळा; श्रीमंताच्या मुलाचाही मृतदेह मायदेशी न्यायचा नाही, असा नियम ठरला. यावर मोठा आक्षेप ख्रिस्ती आयांचाच होता. एका बिशपची पत्नी असलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी युद्धात तीन मुलगे गमावले होते. शिळेऐवजी क्रूस उभारू द्या, या त्यांच्या अर्जावर आठ हजारांहून अधिक सह्या होत्या. मे १९२० मध्ये पार्लमेंटात वाद झाला, पण कमिशन हटलं नाही. माझं मत विचाराल तर कमिशनची बाजू शुभवर्तमानाला अधिक धरून होती. अर्थात तीन मुलं गमावलेल्या आईसमोर हे बोलायची माझी छाती झाली नसती.

कमिशनच्या मोठ्या दफनभूमींत वास्तुविशारद लट्येन्सने आखलेली एक वेदीसारखी शिळा असते. तिच्यावरचं वचन रड्यार्ड किपलिंगने निवडलं. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत हरवला होता. वचन सिराखच्या ग्रंथाच्या ४४व्या अध्यायातलं आहे. कॅथलिकांच्या बायबलात हा ग्रंथ आहे, प्रॉटेस्टंटांच्या नेहमीच्या बायबलात नाही. या माणसांचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहील, असा त्याचा आशय. पण त्याच अध्यायात थोडं आधी, ज्यांची काहीच आठवण उरली नाही अशांचाही उल्लेख आहे. तो मात्र कोणी दगडावर घेतला नाही.

२०२१ साली खुद्द कमिशनच्याच अहवालाने हिशेब मांडला. मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद गोऱ्यांच्या बरोबरीने झाली नव्हती. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावानिशी नोंद नव्हती किंवा मुळीच नव्हती. कमिशनने माफी मागितली. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनीही पार्लमेंटात मागितली.

पुण्यात खडकीला याच कमिशनच्या युद्धदफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक विसावले आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींच्या देखभालीची शाश्वती नव्हती, त्या इथे आणल्या गेल्या. तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात वारलेल्या १,८०० हून अधिक जणांची आठवण आहे. त्यांच्या कबरी जुन्या छावण्यांत कुठे कुठे विखुरल्या आहेत.

दगडाखेरीज मृतांची आठवण प्रार्थनेतही होते, पण मृतांसाठी प्रार्थना हा ख्रिस्ती पंथांतला जुना तंटा. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या चर्चने ती सार्वजनिक उपासनेतून जवळपास हद्दपार केली होती. १९१७ साली अधिकृत प्रार्थनांत ती पुन्हा आली. घरोघर मृत्यूची तार पोचत असताना नुसती ईश्वरशास्त्राची तंतोतंतता पुरत नव्हती. कॅथलिकांकडे पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ सालीच २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. वसईत आणि गोव्यात दिवाळीच्या आगेमागेच हा दिवस येतो, लोक कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. तीनपैकी एक मिस्सा सर्व मृत भाविकांसाठी असते, तिला यादी लागत नाही. आजच्या एका मिस्सा-प्रार्थनेत तर ज्यांचा विश्वास एका देवालाच ठाऊक, त्यांच्यासाठीही मागणं आहे. कूतचा मराठा शिपाई हिंदू होता. या मागण्यात तो बसतो, असं मी मानतो. पण देवाला नाव ठाऊक आहे म्हणून ते भिंतीवर न कोरण्याची सूट कारकुनाला मिळत नाही.