दात आवळा, आता सोडा

ईएमजी, म्हणजे स्नायूंमधली वीज मोजण्याच्या तपासणीची अर्धी मेहनत गाल पुसण्यात जाते. स्पिरिटच्या बोळ्याने कातडी घासून घ्यायची आणि पुरुष असेल तर दाढी गुळगुळीत केलेली हवी, कारण तेल, घाम, केस हे सगळे विजेच्या वाटेत आडवे येतात. मग रुग्णाला दात आवळायला सांगून गालावर बोट ठेवायचं. जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडं वर टणक गोळा उठतो, तो मॅसेटर. कानशिलावर जे फुगतं ते टेम्पोरॅलिस. डावीकडचे दोन, उजवीकडचे दोन अशा चार स्नायूंवर वीज टिपणाऱ्या प्रत्येकी दोन चकत्या चिकटवतात. त्या स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनेच लावायच्या असतात आणि त्यांच्या केंद्रांमधलं अंतर साधारण २० मिलिमीटर ठेवतात. आणखी एक चकती कपाळावर किंवा कानामागे लावली की सुरुवात होते. दात आवळा. आता सोडा. पुन्हा आवळा.

स्नायू आकसण्याआधी त्याच्या धाग्यांवरून विजेची एक लहर धावते. हजारो धाग्यांच्या लहरींची गोळाबेरीज कातडीपर्यंत पोचते तेव्हा ती जेमतेम काही शे मायक्रोव्होल्ट उरते, आणि एका व्होल्टचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे मायक्रोव्होल्ट. खोलीतल्या पंख्याची आणि ट्यूबलाइटची ५० हर्ट्झची गुणगुण याहून सहज मोठी भरते. म्हणून एका स्नायूवर दोन चकत्या लागतात. बाहेरची गुणगुण दोन्हींवर जवळपास सारखीच येते, यंत्र फक्त दोन्हींमधला फरक घेतं, आणि पंखा आपोआप वजा होतो. मला या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

माणूस स्वतःच्या इच्छेने स्नायू आवळतो तेव्हा वीज निर्माण होते, हे बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४९ मध्ये दाखवलं. कातडीचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्यांनी हातावर फोड आणून वरची कातडी काढून टाकली होती. स्पिरिटच्या बोळ्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दंतवैद्यकात हे तंत्र यायला मात्र बरोबर शंभर वर्षं गेली. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट मॉयर्स यांनी वरचे दात पुढे आलेल्या रुग्णांच्या जबड्याच्या स्नायूंचे आलेख प्रसिद्ध केले आणि ऑर्थोडॉन्टिस्टांचं लक्ष दातांवरून गालाकडे वळलं.

आता उलट बाजू घ्या. खालचा जबडा पुढे आलेल्या माणसाची मुख्य अडचण दिसण्याची आहे, असं घरचे धरून चालतात. त्याला स्वतःला विचारा. पुढचे दात एकमेकांवर येतच नसतील तर पोळीचा घास तोडता येत नाही, पेरूचा लचका बाजूच्या दातांनी काढावा लागतो, आणि पंगतीत सगळ्यांच्या शेवटी हात धुवायला उठावं लागतं. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस, हॅब्सबर्ग घराण्याचा तिथला शेवटचा, याला घास नीट चावता येत नसे असं त्या काळचे लोक लिहून गेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात लग्नं केलेल्या त्या घराण्याचा जबडा इतका प्रसिद्ध आहे की आजही त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात.

अशा जबड्याच्या रुग्णांना पूर्ण ताकदीने दात आवळायला सांगितलं की मॅसेटरचा आलेख सरळ दात असलेल्यांच्या तुलनेत बहुधा बुटका येतो, आणि चाव्याचा जोरही कमी भरतो. स्नायू अशक्त आहे, असा निष्कर्ष लगेच काढावासा वाटतो. तो अपुरा आहे. दाताच्या मुळाभोवती दाब ओळखणारे चेतातंतू असतात. वरच्या-खालच्या दाढा पुरेशा ठिकाणी टेकल्या तरच ते मेंदूला ‘लाव जोर’ असं कळवतात. दाढा दोन-चार ठिकाणीच टेकत असतील तर त्या बिचाऱ्या दोन-चार दाढांना सांभाळून मेंदू मॅसेटरला आवरतं घेतो. शिवाय जबडा पुढे सरकलेला असल्याने ओढण्याचा कोनही बदलतो. वर्षानुवर्षं कमी वापरलेला स्नायू मग खरोखरच पातळ होतो, आणि आधी काय झालं हे सांगणं अवघड होऊन बसतं.

जबडा एका बाजूला सरकलेला असेल तर आलेख आणखी बोलका होतो. लहान मुलांमध्ये एका बाजूच्या खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर चावतात, त्याला क्रॉसबाइट म्हणतात. एरवी उजवीकडे चावताना जबडा खाली जातो, उजवीकडे झुकतो आणि मधोमध परततो. क्रॉसबाइटच्या बाजूला चावताना हा फेरा पुष्कळदा उलटा फिरतो, आणि दोन मॅसेटर नेहमीची वाटणी सोडून देतात. चावायच्या बाजूने पुढाकार घ्यावा ही अपेक्षा, पण तीच बाजू मागे राहते. सगळ्या अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत, मुलं वाढती असतात आणि गट लहान असतात. तरी टाळू रुंद करून क्रॉसबाइट लवकर सुधारावा, याच्या बाजूने हा उलटा फेरा चांगली साक्ष देतो.

मोठ्यांचं तसं नाही. जबडा पुढे आलेल्यांसाठी बहुधा शस्त्रक्रिया उरते. रिचर्ड ट्राउनर आणि ह्यूगो ओबवेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत खालच्या जबड्याचा मागचा उभा भाग तोंडातूनच उभा चिरतात आणि दातांचा भाग मागे सरकवून प्लेट-स्क्रूने बसवतात. त्याआधी तारा लावून दात सरळ करतात, तेव्हा चावा काही महिने आणखी बिघडतो आणि आलेख आणखी खाली येतो. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला तो पडलेलाच असतो, मग महिन्यामहिन्याने चढत जातो. बऱ्याच रुग्णांत तो आधीपेक्षा वर जातो, पण सरळ जबड्याच्या माणसांची बरोबरी सहसा करत नाही. हे रुग्णाला आधीच सांगायला हवं. चेहरा काही तासांत बदलतो, चावणं मात्र हळूहळूच शिकावं लागतं.

या यंत्राचा जोर कुठे संपतो तेही सांगायला हवं. गालावर चरबी जास्त, चकती बोटभर सरकलेली, रुग्ण रात्री दात खाऊन सकाळी थकून आलेला, यातल्या प्रत्येक कारणाने आकडा हलतो. त्यामुळे दोन माणसांचे मायक्रोव्होल्ट शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. मिलानमधल्या संशोधकांनी यावर साधा तोडगा काढला. दाढांमध्ये कापसाच्या सुरळ्या ठेवून रुग्णाला दात आवळायला लावायचं, त्या आकड्याला शंभर मानायचं, आणि मग त्याच माणसाचा त्याच्या स्वतःच्या दातांवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. डावं-उजवं किती जुळतं हेही त्यातून टक्क्यांत मिळतं. एका माणसाची तुलना त्याच्याशीच केली तर यंत्र विश्वासाचं ठरतं. केवळ आलेख दाखवून जबड्याच्या दुखण्याचं निदान करण्याला मात्र १९८९ मध्येच जेम्स लुंड आणि चार्ल्स विडमर यांनी पुरावे तपासून आक्षेप घेतला होता. तरी रंगीत आलेख छापून महागडे उपचार सुचवणारे आजही भेटतात.

घास किती बारीक होतो, हे तर ईएमजी सांगतच नाही. त्यासाठी १९५० मध्ये मॅनली आणि ब्रेली यांनी वापरलेली युक्ती अजून चालते. मोजून शेंगदाणे द्यायचे, ठरावीक वेळा चावायला लावायचे, गिळायच्या आत थुंकायला सांगायचं आणि तो चुरा चाळणीतून गाळायचा. जे चाळणीतून पडलं ते चावलं गेलं. यंत्र आणि चाळणी यांतलं एकच परवडणार असेल तर मी चाळणी घेईन. शेंगदाणे अख्खेच वर राहिले, तर कुठला स्नायू मागे राहतोय हे बघायला ईएमजी काढावं.