गाडीचा रास्त भाव आणि लीजचा हिशोब

नव्या मोटारीच्या दोन किमती असतात. जाहिरातीत झळकते ती एक्स-शोरूम किंमत आणि ग्राहकाच्या खिशातून जाते ती ऑन-रोड किंमत. महाराष्ट्रात मध्यम किमतीच्या गाडीवरही हा फरक दीड-दोन लाखांच्या घरात सहज जातो. त्यातला काही भाग सरकारी असल्याने हलत नाही. उरलेल्या भागात मात्र घासाघिशीला चांगलाच वाव असतो. म्हणून ‘शेवटचा भाव काय?’ असे विचारण्याआधी लेखी, कलमवार कोटेशन मागावे. त्यात मॉडेल, व्हेरिएंट, उत्पादनाचा महिना आणि प्रत्येक आकार वेगळा लिहिलेला हवा. अशी किमान तीन डीलरांची कोटेशने शेजारी-शेजारी ठेवली की रास्त भावाचा अंदाज येऊ लागतो. नुसता एकूण आकडा सांगणाऱ्या कोटेशनची तुलना कशाशीच करता येत नाही.

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर तो १८ टक्के आहे, त्यांहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवरच्या गाड्यांवर ५ टक्के. त्याआधीचा उपकर रद्द झाला. त्यामुळे नातेवाइकाने त्या तारखेपूर्वी दिलेला भाव आज तुलनेला उपयोगाचा नाही.

त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर लागतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजीला दर कमी आहे. टक्केवारी पूर्ण किमतीवर लागत असल्याने टप्प्याच्या सीमेवर व्हेरिएंट निवडताना जपून पाहावे. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल गाडीवर सुमारे १ लाख ९ हजार कर बसतो, तर १० लाख ५ हजारांच्या गाडीवर १ लाख २० हजारांहून अधिक. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस घेतो. म्हणजे शोरूममधला दहा हजारांचा फरक प्रत्यक्षात एकतीस हजारांवर जातो. टीसीएसची रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. अनेकांना हे ठाऊक नसते आणि हक्काचे पैसे तसेच राहून जातात.

कोटेशनमधली सर्वांत लवचीक रक्कम विम्याची. नव्या मोटारीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा घेतला तरी चालतो. तो डीलरकडूनच घ्यावा असे बंधन नाही. त्याच विमा कंपनीचे, त्याच अटींचे कोटेशन बाहेरून आणले तर हप्त्यात हजारोंची तफावत दिसू शकते आणि ते दाखवल्यावर डीलरही बरेचदा उतरतो. तुलना करताना विम्यातले गाडीचे घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखे आहे ना, हे आधी पाहावे. ते कमी दाखवले की हप्ता स्वस्त दिसतो आणि गाडी चोरीला गेली की भरपाईही तेवढीच कमी मिळते. जुन्या गाडीवर विम्याचा दावा केलेला नसेल तर साठलेला नो-क्लेम बोनस नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ही सूट ५० टक्क्यांपर्यंत जाते.

यानंतर किरकोळ वाटणारे आकार येतात. नोंदणी शुल्क सहाशे रुपये असते आणि कर्जाचा बोजा चढवण्याचे दीड हजार. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाची काही हजारांची रक्कम हा मात्र सरकारी आकार नव्हे. ती कशासाठी आहे हे लेखी विचारावे आणि काढून टाकायला सांगावे. ॲक्सेसरीजचा संच आणि वाढीव वॉरंटी ऐच्छिक असतात.

सवलतींपैकी मोठा वाटा कंपनीच्या मासिक योजनांतून येतो. थेट सवलत, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सवलत आणि जुनी गाडी भंगारात काढल्याबद्दलची सूट असे त्याचे प्रकार असतात. यांपैकी कोणती सूट लागू आहे आणि कोणती डीलरची स्वतःची, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. पाडव्याला आणि दसऱ्याला मुहूर्तावर गाडी हवी असणाऱ्यांची रांग असते. तेव्हा ज्या मॉडेलला प्रतीक्षा यादी आहे त्यावर डीलर फारसा हलत नाही. डिसेंबरात सूट वाढते, कारण वर्ष उलटले की साठ्यातली गाडी कागदोपत्री जुनी होते. ती सूट घ्यायला हरकत नाही, पण पुढे विकताना उत्पादनाचे वर्ष पाहिले जाते हे भावात धरावे. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते.

जुनी गाडी, कर्ज आणि नवी गाडी हे तीन स्वतंत्र व्यवहार आहेत. ते एकत्र केले की एकीकडे दिलेले दुसरीकडे काढून घेणे सोपे होते. जुन्या गाडीचे मोल आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी करून घ्यावे आणि एक्स्चेंज बोनस त्यात मिसळू देऊ नये. कर्जात व्याजदर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हा पहिला प्रश्न. आठ लाखांवर पाच वर्षांना घटत्या शिलकीने ९ टक्के दर असेल तर एकूण व्याज साधारण १ लाख ९६ हजार होते. तोच दर फ्लॅट असेल तर ३ लाख ६० हजार. बँकेने द्यायच्या ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’मध्ये शुल्कांसह खरा वार्षिक दर दिलेला असतो. तुलना त्यावरच करावी.

लीजमध्ये गाडी लीज कंपनीच्या मालकीची राहते आणि वापरणारा दरमहा भाडे भरतो. भाडे रास्त आहे का, हे घरी काढता येते. समजा, १२ लाखांची गाडी चार वर्षांसाठी घेतली आणि शेवटी तिचे मूल्य ४ लाख ८० हजार धरले. घसारा ७ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १५ हजार. अडकलेली सरासरी रक्कम ८ लाख ४० हजार. तिच्यावर वर्षाला १० टक्के धरले तर महिन्याला ७ हजार. एकूण २२ हजार. लीजच्या भाड्यावर गाडीच्याच दराने जीएसटी लागतो. १८ टक्क्यांनी तो सुमारे ४ हजार होतो. मागितलेले भाडे २६ हजारांहून जितके जास्त असेल, तितक्याचा विमा, देखभाल किंवा टायर यांतून हिशोब लागला पाहिजे. तो लागत नसेल तर शेवटचे मूल्य फार कमी धरले आहे किंवा व्याज फार जास्त लावले आहे.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. कंपनीच्या नावावर नोंदल्या जाणाऱ्या मोटारीला वाहनकर २० टक्क्यांपर्यंत बसतो आणि तो भाड्यातूनच वसूल होतो. त्यामुळे पगारातून मालकामार्फत घेतलेल्या लीजमध्ये आयकराची बचत दिसली, तरी ती या जादा कराहून मोठी आहे का, हे दोन्ही पर्यायांत हातात पडणारा पगार मांडून तपासावे. सही करण्याआधी चार कलमे वाचावीत: वर्षाची किलोमीटर मर्यादा आणि तिच्यापुढचा दर, गाडी परत करताना ओरखड्यांसाठी होणारी कपात, मुदतीआधी सोडल्यास दंड आणि शेवटी गाडी विकत घ्यायची असल्यास किंमत. नोकरी बदलण्याचा विचार असलेल्याने यांतले तिसरे कलम सर्वांत आधी पाहावे.