मिरची, पपई आणि इंग्रजीतले ‘हॉट’

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला अगदी पहिल्या शब्दांबरोबर ‘हॉट’ हे विशेषण भेटते, आणि त्यापुढे ‘गरम’ एवढा एकच अर्थ लिहून धडा पुढे सरकतो. चहा, पाणी, दूध आणि उन्हाळा यांच्यापुरता हा अर्थ पुरतो. पण ‘हॉट’चा दुसरा, इंग्रजीत तितकाच रोजचा अर्थ त्यातून निसटतो, आणि तो निसटू नये असे एखादे ठिकाण महाराष्ट्रात शोधायचे तर ते नंदुरबारच असावे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मिरचीच्या व्यापारासाठी राज्यभर ओळखला जातो. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे लिलाव होतात, व्यापारी ती विकत घेऊन शहराभोवतीच्या मोकळ्या जागांवर वाळवायला पसरतात, या वाळवणीच्या जागांना तिथे ‘पथारी’ म्हणतात, आणि अवकाळी पाऊस आला की या पथारींवरच्या मालाची काळजी साऱ्या बाजाराला लागते. ही मिरची इंग्रजीत ‘हॉट’ असते, मग ती पथारीवर उन्हात तापलेली असो वा घरात थंड डब्यात ठेवलेली असो.

म्हणजे मराठीने दोन स्वतंत्र शब्दांत विभागलेला अनुभव इंग्रजीने एकाच शब्दात ठेवला आहे. तापमानाने जे अंगाला चटका देते ते मराठीत गरम, आणि चवीने जे जिभेला झोंबते ते तिखट. ‘दिस करी इज टू हॉट फॉर मी’ हे वाक्य ऐकून रस्सा निवेपर्यंत थांबण्याचा सल्ला देणारा मराठी माणूस शब्द बरोबर ओळखतो, पण अर्थ चुकवतो. बोलणाऱ्याला बहुधा एवढेच सांगायचे असते की हा रस्सा त्याला सोसवेल त्यापेक्षा तिखट आहे. अशी विभागणी करणारी मराठी एकटी नाही. स्पॅनिशमध्ये तापलेल्या पदार्थाला ‘कालिएंते’ आणि तिखट पदार्थाला ‘पिकांते’ म्हणतात, फ्रेंचमध्येही ‘शो’ आणि ‘पिकाँ’ असे दोन शब्द आहेत, आणि हिंदीत गरम व तीखा वेगळे राहतात.

तरीही इंग्रजीच्या या जोडणीला शरीरात भक्कम आधार आहे, आणि तो गेल्या काही दशकांत प्रयोगशाळेत सापडला. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या रसायनामुळे असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की मज्जापेशींवरचा जो ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा प्रथिनाचा रेणू, कॅप्सेसिनमुळे जागा होतो, तोच सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या, दुखऱ्या उष्णतेनेही जागा होतो. या दिशेच्या संशोधनासाठी ज्युलियस यांना आर्डेम पातापूटियन यांच्यासह २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे तिखट ही काटेकोर अर्थाने गोड, आंबट, खारट यांच्यासारखी चव नाही. उष्णतेने होणाऱ्या वेदनेचाच तो संदेश आहे, आणि मेंदूला तो येतो तेव्हा जीभ भाजल्यासारखीच वाटते.

इथे मराठीकडे पुन्हा पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. विशेषणात मराठीने गरम आणि तिखट वेगळे ठेवले असले, तरी क्रियापदात ते एकत्रच नांदतात. ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजते’, जिभेची ‘आग होते’, आणि मिरचीचे देठ खुडणाऱ्या मजुरांच्या हातांचीही आगच होते. ‘जळजळ’ हा शब्द तर निखारा, आम्लपित्त आणि मिरची या तिन्हींना चालतो. भाषा वस्तूचे वर्णन करताना भेद पाळते आणि शरीराला काय झाले ते सांगताना तो सोडून देते, असे हे मराठीचे रूप आहे, आणि ‘हॉट’चा दुसरा अर्थ शिकवण्याची सर्वात सोपी वाट याच क्रियापदांतून जाते. गारव्याच्या बाबतीत तर मराठी आणि इंग्रजी यांची जोडणी सारखीच आहे: पुदिन्याच्या गोळीचे तापमान खोलीइतकेच असते, तरी ती मराठीत ‘थंड’ आणि इंग्रजीत ‘कूल’ लागते, आणि त्यामागेही गारवा टिपणारा असाच एक ग्राहक असतो.

मग वाक्यात अर्थ कोणता, हे ओळखायचे कसे? त्याची खात्रीची कसोटी म्हणजे विरुद्धार्थी शब्द. तापमानाच्या ‘हॉट’समोर ‘कोल्ड’ उभा राहतो, तर तिखटपणाच्या ‘हॉट’समोर ‘माइल्ड’, म्हणजे सौम्य. मसाल्याच्या परदेशी पाकिटावर ‘माइल्ड, मीडियम, हॉट’ अशा पायऱ्या छापलेल्या असतील, तर त्या तिखटाच्याच असतात. ‘हॉट सॉस’ हा फ्रीजमधून काढलेला असला तरी ‘हॉट’च राहतो, कारण ते मिरचीच्या सॉसचे नाव आहे. वाफाळते सूप सांगायचे असेल आणि घोटाळा टाळायचा असेल, तर इंग्रजी बोलणारे ‘पायपिंग हॉट’ असे म्हणतात, जे फक्त तापमानालाच लागू होते. ‘स्पाइसी’ हा शब्द तिखटासाठी सर्रास वापरला जात असला, तरी त्याचा मूळ अर्थ मसालेदार असा आहे, आणि दालचिनी-वेलदोड्याचा न झोंबणारा पदार्थही ‘स्पाइसी’ असू शकतो. व्यापारात मोजमाप लागते तिथे ‘हॉट’ मागे पडून ‘पंजन्सी’ हे नाम येते, आणि तिखटपणा अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये सुचवलेल्या एककात सांगितला जातो. मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केल्यावर तिखटपणा कळेनासा होतो, यावर मूळ पद्धत उभी होती. आज हे काम यंत्रे करतात, पण एकक स्कोव्हिल यांच्याच नावाचे आहे. रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या मोजमापातून स्पष्ट होते: कर्नाटकातली ब्याडगी मिरची गडद लाल असते, पण फारशी ‘हॉट’ नसते.

याहून अवघड अडचण उलट दिशेने येते, आणि तिचे उदाहरणही नंदुरबारच्या शेतातच आहे. शहादा परिसर पपईसाठी प्रसिद्ध आहे, आणि पपई ‘गरम’ असते हे मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. हा ‘गरम’ तापमानाचा नाही आणि चवीचाही नाही. पदार्थ पोटात गेल्यावर शरीरात उष्णता वाढवतो, हा आयुर्वेदातून आलेला गुणवाचक अर्थ आहे, आणि गरम मसाल्याच्या नावाचा अर्थही बहुधा याच कल्पनेतून लावला जातो. ‘पपाया इज हॉट’ असे भाषांतर केले तर ऐकणाऱ्याला पपई उन्हात तापलेली किंवा कुणी तिच्यावर तिखट भुरभुरलेली वाटेल. रोजच्या इंग्रजीत या अर्थासाठी एक शब्द नाही. ‘पपई शरीरात उष्णता वाढवते असे मानतात’ असे पूर्ण वाक्यच करावे लागते.

हवेबद्दल बोलताना अडचण शब्दाची नसून वाक्यरचनेची असते. मराठीत ‘उकडतंय’ एवढ्या एका क्रियापदात वाक्य पूर्ण होते, पण इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच, म्हणून ‘इट इज हॉट’ मध्ये ‘इट’ हा कशाचाही निर्देश न करणारा, केवळ जागा भरणारा कर्ता येतो. ‘मला गरम होतंय’ मध्ये अनुभव घेणारा चतुर्थीत, म्हणजे ‘ला’ प्रत्यय लागलेल्या रूपात असतो. इंग्रजीत तो सरळ कर्ता होतो. तिथे ‘आय ॲम हॉट’ पेक्षा ‘आय फील हॉट’ हे शिकणाऱ्याला अधिक सुरक्षित, कारण व्यक्तीबद्दल वापरलेल्या ‘हॉट’चा अनौपचारिक बोलीत ‘देखणा, आकर्षक’ असाही अर्थ होतो. ताप आलेल्या मुलाचे अंग गरम आहे हे सांगताना ब्रिटिश इंग्रजीत ‘ही हॅज अ टेंपरेचर’ अशी रचना वापरतात. रूपांच्या बाबतीत मात्र मराठी भाषकाला फारसे कष्ट नाहीत, कारण गरम आणि तिखट ही दोन्ही विशेषणे, ‘हॉट’प्रमाणेच, लिंग-वचनानुसार बदलत नाहीत. तुलना करताना ‘मोअर हॉट’ न म्हणता ‘हॉटर’ आणि ‘हॉटेस्ट’ म्हणायचे, आणि लिहिताना ‘टी’ हे अक्षर दुप्पट करायचे, एवढे लक्षात ठेवावे लागते.

लाक्षणिक अर्थांत दोन्ही भाषा कधी जवळ येतात, कधी दुरावतात. डोके गरम असलेला माणूस इंग्रजीतही ‘हॉट-हेडेड’ असतो आणि गरमागरम चर्चेचा विषय ‘हॉट टॉपिक’ असतो. पण तिखट जीभ इंग्रजीत ‘हॉट’ नसते, ती ‘शार्प’ म्हणजे धारदार असते. बोलीत चोरीच्या मालालाही ‘हॉट’ म्हणतात, हा अर्थ मराठी गरमपणात कुठेच नाही. मोबाइलवरचा ‘हॉटस्पॉट’ खेडोपाडी पोचला आहे, आणि त्यात तापण्याचा भाव जवळजवळ उरलेलाच नाही. ‘हॉटेल’चा मात्र ‘हॉट’शी काडीचाही संबंध नाही; तो शब्द फ्रेंचमधून आला असून त्याचे कूळ पाहुणचाराचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दाशी जाऊन मिळते.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिली, पावरी, मावची या भाषा आणि सपाटीवरची अहिराणी घरात बोलणाऱ्या मुलांसाठी शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. अशा वर्गात ‘हॉट म्हणजे गरम’ हे समीकरण मुलाला एका परक्या शब्दावरून दुसऱ्या अर्ध्या परक्या शब्दाकडे नेते. त्यापेक्षा चुलीवरचे पाणी, पथारीवरची मिरची आणि शेतातली पपई या तिन्हींना घरच्या बोलीत काय म्हणतात ते मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्यावे, आणि मग यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी इंग्रजी एकच शब्द वापरते आणि तिसरीसाठी तो वापरत नाही, हे दाखवावे.