‘बायपास’ शब्दाचे दोन अर्थ आणि एंजिनातील तेलाची गाळणी

यवतमाळ जिल्ह्यातील सामान्य माणसास ‘बायपास’ हा शब्द प्रामुख्याने तीन ठिकाणी भेटतो : गावाबाहेरून काढलेल्या बाह्यवळण रस्त्यात, हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि मोटारीच्या एंजिनात. पहिल्या दोन ठिकाणी अर्थ एकच आहे. अडथळा टाळून प्रवाह पुढे न्यावयाचा, एवढाच तो अर्थ. एंजिनात मात्र हा शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो, आणि त्या दोन वस्तूंचे कार्य परस्परविरुद्ध आहे. या संदिग्धतेमुळे जुन्या जीपला, ट्रॅक्टरला वा मोटारीला जादा गाळणी बसविताना एंजिनाचे नुकसान होऊ शकते. म्हणून शब्द आणि वस्तू या दोहोंचा एकत्र विचार येथे केला आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. एंजिनाच्या तळाशी असलेल्या, गॅरेजात ज्यास ‘चेंबर’ म्हणतात त्या टाकीतून पंप तेल उचलतो आणि दाबाने बेअरिंगांकडे धाडतो. आजच्या बहुतेक मोटारींत हे सर्व तेल वाटेतील गाळणीतूनच जाते. हिला पूर्णप्रवाही गाळणी म्हणता येईल. बेअरिंगांना क्षणभरही तेलावाचून ठेवता येत नाही. म्हणून हिची छिद्रे फार बारीक करता येत नाहीत. साधारणतः २० ते ४० मायक्रॉनांहून मोठे कण ती चांगल्या प्रकारे अडविते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.) थंडीत तेल घट्ट झाले किंवा गाळणी तुंबली, तर एक झडप उघडते आणि न गाळलेलेच तेल बेअरिंगांकडे जाते. अस्वच्छ तेल हे तेल मुळीच नसण्यापेक्षा बरे, हे यामागील तत्त्व होय. ही ‘बायपास झडप’.

‘बायपास गाळणी’ ही याहून सर्वस्वी वेगळी. पंपाने दिलेल्या तेलाचा सुमारे ५ ते १० टक्के भाग एका अरुंद छिद्रातून बाजूस काढून तो अतिशय दाट गाळणीतून नेतात, आणि बेअरिंगांकडे न पाठविता थेट चेंबरमध्ये सोडतात. ही गाळणी तुंबली तरी बेअरिंगांचा पुरवठा थांबत नाही. म्हणूनच ती काही थोड्या मायक्रॉनांचे कण धरण्याइतकी दाट करता येते. पहिली गाळणी चाळणीसारखी, तर दुसरी वस्त्रगाळ करणाऱ्या कापडासारखी आहे.

आता शब्दाकडे वळू. दोन्ही मध्यमपदलोपी समास आहेत. परंतु लोप पावलेले पद भिन्न आहे. ‘बायपास झडप’ म्हणजे गाळणीस टाळून जाणाऱ्या मार्गावरील झडप. ‘बायपास गाळणी’ म्हणजे बेअरिंगांस टाळून जाणाऱ्या मार्गावरील गाळणी. एकीत तेल गाळले जात नाही, दुसरीत ते अधिक गाळले जाते. मराठीत पहिलीस ‘सुटकेची झडप’ आणि दुसरीस ‘उपप्रवाही गाळणी’ म्हटल्यास हा घोटाळा टळेल, असे वाटते.

इतिहासदृष्ट्या उपप्रवाही गाळणीच आधीची होय. अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ‘प्युरोलेटर’ ही गाळणी सिद्ध केली, आणि १९२४ च्या क्रायस्लर मोटारीवर ती बसविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपवरही उपप्रवाही गाळणीच होती. हीच विलीज जीप पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत जुळविली आणि ती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वत्र परिचित झाली. पूर्णप्रवाही गाळणीचा सार्वत्रिक प्रसार शतकाच्या मध्यानंतरचा. तेव्हा आज उपप्रवाही गाळणी जोडणे म्हणजे जुनी योजना नव्या योजनेच्या सोबतीस आणणे होय.

थोडेसेच तेल गाळून काय साधते, अशी शंका साहजिक आहे. समजा, पंप मिनिटास २० लिटर तेल फिरवितो, त्यातील ५ टक्के म्हणजे १ लिटर बाजूस जाते, आणि चेंबरमध्ये ४ लिटर तेल आहे. तेल सतत मिसळत असल्याने ४ मिनिटांत सुमारे ६३ टक्के आणि १२ मिनिटांत सुमारे ९५ टक्के तेल निदान एकदा तरी गाळले जाते. बेअरिंगातील तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असतो. त्याच्याच जाडीचे कण सर्वाधिक झीज करतात, आणि नेमके तेच पूर्णप्रवाही गाळणीतून निसटतात. डिझेल एंजिनातील काजळी, तसेच मुरमाच्या रस्त्यांवरील आणि वणी भागातील कोळसा-वाहतुकीच्या मार्गांवरील धूळ लक्षात घेता या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

बसविताना चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मूळची गाळणी काढू नये. उपप्रवाही गाळणी तिची जागा घेऊ शकत नाही. बाजूच्या मार्गात सुमारे १ ते १.५ मिलिमीटर व्यासाचे अरुंद छिद्र असलेच पाहिजे. ते नसेल, तर तेल सोप्या वाटेने परत जाऊन बेअरिंगांवरील दाब उतरतो. परतीची नळी चेंबरकडेच जावी. आणि नळ्या उष्ण तेल व दाब सहन करणाऱ्या असाव्यात, कारण एक नळी फुटली तरी काही मिनिटांत चेंबर रिकामे होते. जोडणीनंतर तेलाची पातळी पुन्हा पाहून कमी पडलेले तेल भरावे, आणि एंजिन तापल्यावर मंद गतीत दाब तपासावा.

या योजनेस मर्यादाही आहेत. तेलात मिसळलेले इंधन ती काढू शकत नाही, आणि तेलातील खर्ची पडलेली रसायने परत आणू शकत नाही. हवेची गाळणी फाटकी असेल, तर तेलाची गाळणी कितीही दाट असून उपयोग नाही. वर्षाकाठी थोडे अंतर चालणाऱ्या खाजगी मोटारीस वेळेवर तेल बदलणेच स्वस्त पडते. दीर्घकाळ राबणाऱ्या ट्रॅक्टरास वा मालमोटारीस मात्र हा खर्च परवडण्याजोगा ठरू शकतो.

परिभाषेचा अभ्यास हा केवळ कोशकारांचा विषय नव्हे. समासातील लोप पावलेले पद कोणते, हे ज्यास कळले, त्यास तेल कोठून काढावे आणि कोठे सोडावे, हेही कळते.