कथेच्या आधारे अभिजात भाषांचा परिचय : संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या प्रारंभिक अध्यापनाविषयी काही विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत संस्कृत हा विषय प्रामुख्याने इयत्ता आठवीपासून शिकविला जात आला आहे. 'संपूर्ण' (१०० गुण) व 'संयुक्त' (५० गुण) अशी त्याची दोन रूपे आहेत. हा विषय भरघोस गुण मिळवून देतो, या समजुतीने अनेक विद्यार्थी त्याची निवड करतात आणि दहावीनंतर तो सोडून देतात. जे महाविद्यालयात येतात त्यांच्याजवळ उत्तम गुणपत्रिका असते, शब्दरूपे मुखोद्गत असतात. परंतु अपरिचित असे साधे संस्कृत वाक्य पुढे ठेवले असता ते अडखळतात. पदवी स्तरावर अध्यापन करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव परिचित असावा. याचा दोष केवळ परीक्षापद्धतीला देऊन चालणार नाही. भाषेची पहिली ओळख कोणत्या मार्गाने करून दिली जाते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. युरोपात ग्रीक व लॅटिनच्या अध्यापनात कथेचा जो उपयोग करण्यात आला, त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरेतील दोन मार्ग :

डॉ. रा. गो. भांडारकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'मार्गोपदेशिका' व 'संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका' ही पुस्तके सिद्ध केली. प्रथम नियम, नंतर भाषांतरासाठी सुटी वाक्ये आणि शब्दार्थ, अशी त्यांची रचना आहे. अनेक पिढ्या या पुस्तकांवर घडल्या, त्यामुळे त्यांचे महत्त्व वादातीत आहे. मात्र सुट्या वाक्यांना पूर्वापर संबंध नसतो. पुढे काय झाले, ही उत्सुकता तेथे निर्माण होत नाही.

त्याच काळात दुसरा मार्गही उपलब्ध होता. मुंबई संस्कृत मालेचा पहिला क्रमांक १८६८ मध्ये 'पंचतंत्रा'ला देण्यात आला. ब्यूलर व कीलहॉर्न हे त्या ग्रंथाचे संपादक होते. विद्यार्थ्याने प्रथम कथा वाचावी, हा विचार या निवडीत दिसतो. त्याहीपूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावर येथे सरफोजी महाराजांच्या आश्रयाने इसापच्या कथा 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत मुद्रित झाल्या होत्या. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' आली. म्हणजे मुद्रित मराठी बालवाङ्मयाच्या आरंभीच ग्रीक परंपरेतील कथा आपल्याकडे पोहोचल्या होत्या. ग्रीक भाषा मात्र आली नाही.

इंग्लंडमध्येही आरंभी व्याकरणपाठांतरावरच भर होता. फ्रान्सिस रिची यांच्या 'फाबुले फाकिलेस' (१८८४) या वाचनपुस्तकात पर्सियस, हर्क्युलिस, अर्गो नौकेवरील वीर आणि युलिसिस यांच्या कथा क्रमाक्रमाने कठीण होत जाणाऱ्या लॅटिनमध्ये दिल्या आहेत. १९७० पासून प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज लॅटिन अभ्यासक्रमाने पाँपेई नगरातील एका कुटुंबापासून सुरू होणाऱ्या सलग कथेभोवती पाठ्यक्रम उभारला. या प्रयत्नांमागील तत्त्व असे, की अर्थाची ओढ आधी लागावी आणि नियम त्या ओढीच्या पाठोपाठ यावा.

मराठी विद्यार्थ्याची अनुकूलता :

विभक्तीची कल्पना मराठी विद्यार्थ्याला नवी नसते. 'लांडगा कोकराला पाहतो' आणि 'कोकराला लांडगा पाहतो' या दोन्ही वाक्यांत कोण कोणाला पाहतो, याविषयी त्याच्या मनात संदेह नसतो. कारण 'ला' हा प्रत्यय अर्थ सांभाळतो. इंग्रजीत असा क्रमबदल केल्यास अर्थच उलटतो. आता इसापच्या लांडगा-कोकराच्या कथेतील हाच प्रसंग संस्कृतात 'वृकः मेषं पश्यति' आणि लॅटिनमध्ये 'लुपुस आग्नुम विदेत' असा मांडता येतो. 'मेषम्' व 'आग्नुम' यांच्या अंती येणारा 'म्' विद्यार्थी स्वतः हेरू शकतो. लांडग्यासाठी संस्कृत 'वृकः – वृकम्', ग्रीक 'लुकोस – लुकोन' आणि लॅटिन 'लुपुस – लुपुम' ही रूपे शेजारी लिहिली, की प्रथमा व द्वितीया यांची रचना तिन्ही भाषांत समांतर असल्याचे लक्षात येते. संस्कृतात संबोधनासह आठ, लॅटिनमध्ये प्रामुख्याने सहा व ग्रीकमध्ये पाच विभक्ती का उरल्या, हा प्रश्न मग विद्यार्थ्याकडूनच येण्याची शक्यता असते.

एक कथा, अनेक भाषा :

वाघाचे कातडे पांघरून शेतात चरणाऱ्या आणि स्वतःच्या ओरडण्याने उघड्या पडणाऱ्या गाढवाची कथा 'पंचतंत्रा'च्या चौथ्या तंत्रात आहे. पालीतील 'सीहचम्म जातका'त हेच गाढव सिंहाचे कातडे पांघरते. इसापच्या परंपरेत ही कथा ग्रीकमध्ये आढळते, तर आविआनुसने तिला लॅटिन पद्यरूप दिले. संस्कृत 'गर्दभ', पाली 'गद्रभ' आणि मराठी 'गाढव', तसेच 'चर्म', 'चम्म' आणि 'चामडे' ही मालिका फळ्यावर आली, की भाषा बदलते म्हणजे काय होते, हे व्याख्येवाचून समजते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी, पाली व प्राकृत यांसह पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. या निर्णयाचा अर्थ वर्गापर्यंत पोहोचविण्यास अशी एक कथा पुरेशी ठरू शकते.

हिंजवडीचा संदर्भ :

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे ओळखले जाते. येथे म्हातोबाच्या यात्रेत बगाड पाहणारी मुले आहेत, त्याचप्रमाणे परप्रांतांतून आलेल्या संगणक अभियंत्यांची मुलेही आहेत. या दुसऱ्या गटाला 'संस्कृत कशासाठी?' हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या घरातील शब्दांतच सापडते. 'डेटा' हे 'दिलेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे अनेकवचन असून त्याचा धातू आपल्या 'दत्त' या शब्दातील धातूशी सगोत्र आहे. 'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष, आणि 'विष' हा शब्द त्याचा सगोत्रच. 'व्हिडिओ' म्हणजे 'मी पाहतो'. त्याचे नाते 'विद्' धातूशी, म्हणून 'वेद' व 'विद्या' या शब्दांशी आहे. 'सायबर' या शब्दाच्या मुळाशी सुकाणू धरणारा ग्रीक नाविक आहे. 'ट्रोजन' या घातक आज्ञावलीचे नाव ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून आले. या घोड्याची सविस्तर कथा 'इलियड'मध्ये नसून व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या दुसऱ्या सर्गात आहे, ही गोष्ट शिक्षकाने आवर्जून सांगावी.

पुराणकथांची तुलना याच रीतीने करता येते. ऋग्वेदातील 'द्यौष् पितर्', ग्रीक 'झ्यूस पातेर' आणि लॅटिन 'यूपितेर' ही एकाच प्राचीन नामाची रूपे आहेत. उषा, ग्रीक 'एऑस' व लॅटिन 'आउरोरा' यांचे नातेही तसेच आहे. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात या भाषांच्या समान उगमाची शक्यता मांडली, हा इतिहास अशा उदाहरणांनंतर सांगितल्यास तो कोरडा राहत नाही.

मर्यादा व दक्षता :

या पद्धतीतील मोठा धोका ध्वनिसाम्यावर विसंबण्याचा आहे. लॅटिन 'देउस' हा 'देव' शब्दाचा सगोत्र आहे; परंतु त्याच अर्थाचा ग्रीक 'थेओस' तसा नाही. स्वर्गातून अग्नी आणणारा प्रोमिथियस आणि वैदिक मातरिश्वा यांच्या कथांत साम्य जरूर आहे. आडालबर्ट कून यांनी १८५९ मध्ये प्रोमिथियसचे नाव अग्निमंथनाच्या 'प्रमन्थ' या शब्दाशी जोडले, तर खुद्द ग्रीकांनी त्या नावाचा अर्थ 'आधी विचार करणारा' असा घेतला होता. असे वाद वर्गात खुलेपणाने मांडावेत. 'सर्व शब्द आमच्याच भाषेतून गेले' असा सोपा अभिमान विद्यार्थ्याला क्षणभर सुखावतो, पण त्याची जिज्ञासा तेथेच थांबवितो. सगोत्र असणे आणि उसना घेतलेला असणे यांतील भेद समजणे, हे भाषाशिक्षणाचे खरे फलित होय.

दुसरी मर्यादा अशी, की कथा व्याकरणाची जागा घेऊ शकत नाही. केवळ गोष्टी सांगून थांबल्यास मनोरंजन होईल, वाचनक्षमता येणार नाही. म्हणून पुढील क्रम सुचवावासा वाटतो : प्रथम कथा मराठीतून सांगावी, नंतर तिच्यातील नामे व शब्द यांचा शोध घ्यावा, त्यानंतर तीच कथा मूळ भाषेतील सात-आठ सोप्या वाक्यांत वाचावी, आणि वाक्यांत भेटलेल्या रूपांचे कोष्टक शेवटी विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घ्यावे. पाठांतर करावयाचेच आहे. परंतु ते ओळख झालेल्या रूपांचे असावे.

निष्कर्ष :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते बारावी या टप्प्यात किमान दोन वर्षे भारतातील एखादी अभिजात भाषा शिकण्याचा पर्याय सुचविण्यात आला आहे. हा पर्याय जुन्याच रीतीने राबविला गेला, तर गुणांचा आणखी एक विषय तेवढा वाढेल. ग्रीक व लॅटिन हे विषय आपल्या शाळांत स्वतंत्रपणे येणे आज शक्य दिसत नाही. परंतु संस्कृतच्या तासाला त्यांतील काही कथा व वाक्ये निश्चितच आणता येतील. त्यासाठी शालेय शिक्षकांना लहान, निर्दोष व क्रमबद्ध वाचनपाठ हवे आहेत. असे पाठ तयार करणे हे महाविद्यालयीन भाषा विभागांचे काम आहे. दहावीनंतर संस्कृत सोडणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी खंत व्यक्त करण्यापूर्वी हे काम आपण हाती घेणे उचित ठरेल.