रीझनरला क्रम आपोआप कळत नाही

इन्सुलिनच्या ए-साखळीत 21 अमिनो आम्लं असतात. ग्लायसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन अशी सुरुवात, आणि सहाव्या-सातव्या जागी दोन सिस्टीन शेजारी-शेजारी. ही साखळी ऑन्टॉलॉजीत, म्हणजे संकल्पना नि त्यांचे संबंध संगणकाला कळतील अशा नोंदीत, भरणाऱ्याला सहज वाटतं, की फाइलीत ज्या क्रमाने लिहिलं तोच क्रम रीझनरलाही, म्हणजे या नोंदींवरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमलाही, दिसणार. तसं होत नाही. आऊल ही ऑन्टॉलॉजी लिहिण्याची भाषा (2004 पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं मानक) विधानांच्या संचावर चालते. ओळी उलटसुलट केल्या तरी अर्थ तोच.

‘पण आऊलखालच्या आरडीएफ या भाषेत यादी आहेच की!’ आहे. मात्र ती यादी आऊल स्वतःची वाक्यरचना साठवायला वापरते, म्हणून आऊल डीएलमध्ये, म्हणजे रीझनरला झेपेल अशा आऊलच्या मर्यादित रूपात, यादीचे शब्द राखीव आहेत.

‘क्रमांक दिले की झालं’ हा समज अर्धा खरा. क्वेरीचं काम क्रमांकांवर भागतं. रीझनरचं अडतं, कारण दोन जागांच्या आकड्यांत एकाचा फरक असेल तर त्या शेजारी, असा नियम आऊलमध्ये लिहिताच येत नाही.

मँचेस्टर विद्यापीठातल्या निक ड्रमंड, ॲलन रेक्टर प्रभृतींनी 2006 मध्ये प्रथिनांच्याच निमित्ताने तोडगा मांडला. प्रत्येक जागेसाठी एक कडी. तिच्यात काय आहे हा एक संबंध, तिची ‘पुढची’ कडी हा दुसरा. पुढची फार तर एकच. त्यावर ‘नंतर कुठेतरी’ हा व्यापक, संक्रमक संबंध: अ नंतर ब, ब नंतर क, तर अ नंतर क. नवशिके ‘फार तर एकच’ आणि ‘संक्रमक’ हे दोन्ही गुण एकाच संबंधाला चिकटवतात. मग ग्लायसिनची ‘पुढची’ कडी आयसोल्युसिनचीही आणि व्हॅलिनचीही. पुढची तर एकच, म्हणजे त्या दोन्ही कड्या एकच! आऊल 2 डीएलला ही जोडी मुळातच चालत नाही. दोन संबंध वेगळे ठेवले, की ‘सिस्टीनला लागून सिस्टीन असलेली साखळी’ असा वर्ग लिहिता येतो आणि रीझनर आपली ए-साखळी न सांगता त्यात घालतो. एवढ्यासाठी एवढा खटाटोप वसूल होतो, असं माझं मत.

आणि 21 कड्या भरल्या म्हणजे साखळी संपली? छे. न सांगितलेलं ते खोटं, असं रीझनर कधीच धरत नाही. बाविसावी कडी असेलही, असं तो मानून चालतो. साखळी तिथेच संपवायची तर एकविसाव्या, अस्पॅराजिनच्या कडीपुढे रिकामी यादी जोडायची, आणि रिकाम्या यादीला पुढची कडी नसते हेही स्पष्ट लिहायचं. कड्या हाताने भरण्यापेक्षा छोटी स्क्रिप्ट लिहिलेली बरी.