प्रशांत महासागराचा पट आणि फासे

अमेरिका आणि जपान यांच्यात १९४१ ते १९४५ या काळात प्रशांत महासागरात झालेले युद्ध प्रत्यक्ष पेटण्यापूर्वी दोन्ही नौदलांनी ते अनेक वर्षे टेबलावर आणि फरशीवर लढून पाहिले होते, आणि ते संपून आठ दशके उलटली तरी हौशी खेळाडू ते आजही पटावर लढत आहेत. अशा खेळाला वॉरगेम म्हणतात. त्यात नकाशा हा पट असतो, जहाजांच्या आणि विमानांच्या तुकड्या या सोंगट्या असतात, चकमकीचा निकाल फासे आणि आधी ठरवलेले तक्ते यांच्या आधारे लागतो, आणि प्रतिपक्षाचा निर्णय जिवंत माणसाच्या हाती असतो. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण कागदावरच्या योजनेत शत्रू नेहमी आपल्या सोयीनेच वागतो.

अमेरिकेत या पद्धतीचे माहेरघर म्हणजे ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे १८८४ मध्ये स्थापन झालेले नेव्हल वॉर कॉलेज होय. विल्यम मॅकार्टी लिटल या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे युद्धखेळांची शिस्तबद्ध सुरुवात केली, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तर ते अभ्यासक्रमाचा कणाच होऊन बसले. मोठ्या दालनाची फरशी चौकटींत आखलेली असे, तिच्यावर छोट्या प्रतिकृती सरकवल्या जात, आणि प्रतिपक्षाला जे दिसू नये ते पडद्याआड ठेवले जाई. लढाईच्या खेळात एक चाल म्हणजे समुद्रावरील तीन मिनिटे धरली जात, आणि प्रत्येक जहाजाचे ‘आयुष्य’ चौदा इंची तोफगोळ्याचे किती तडाखे ते सोसू शकेल या एककात मोजले जाई. राष्ट्रांना रंगांची टोपणनावे होती : अमेरिका निळी, ब्रिटन लाल, तर जपान नारिंगी. बहुतेक व्यूहात्मक खेळांत निळ्याचा सामना नारिंगीशीच होत असे.

या फरशीवरून निघालेला सर्वांत फलदायी विचार विमानांविषयीचा होता. तोफांचा मारा सलग चालतो आणि प्रत्येक मिनिटाला थोडे थोडे नुकसान करतो. विमानांचा हल्ला मात्र लाटेसारखा एकदम येतो, आणि ती लाट परतून, इंधन व दारूगोळा भरून पुन्हा निघेपर्यंत मध्ये मोठी पोकळी राहते. १९२० च्या दशकात खेळांमध्ये हे आकड्यांनी दिसू लागल्यावर निष्कर्ष उघड होता : एका लाटेत जितकी जास्त विमाने उडवता येतील तितका पहिल्याच तडाख्यात शत्रू खिळखिळा होण्याचा संभव अधिक. याच महाविद्यालयातून बाहेर पडलेले जोसेफ रीव्ह्ज यांनी १९२५ नंतर ‘लँगली’ या पहिल्या अमेरिकी विमानवाहू नौकेवर त्याचा प्रयोग केला. उतरलेली विमाने एकेक करून खाली कोठारात नेण्याऐवजी ती धावपट्टीच्या पुढच्या भागात उभी करायची आणि मध्ये दोरांचा अडसर लावायचा, ही युक्ती रूढ झाली, आणि जिथे चौदा विमाने कशीबशी हाताळली जात तिथून बेचाळीस उडू लागली. पटावर सुचलेली गोष्ट गलबतावर इतक्या स्वच्छपणे उतरल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

दुसरा धडा मात्र कडू होता. युद्ध सुरू होताच आरमाराने हवाईहून थेट मनिलाकडे धाव घ्यावी, असा एक आवडता आराखडा होता. परंतु सुमारे साडेआठ हजार किलोमीटरच्या त्या वाटेवर इंधन कुठे भरायचे आणि जखमी जहाज कुठे दुरुस्त करायचे, हे प्रश्न चाल पुढे सरकताच अडवत. निळे आरमार मनिलाला पोचेपर्यंत झिजून जाई. म्हणून १९३० च्या दशकात मार्शल बेटांसारखे टप्पे एकेक करून काबीज करण्याची कल्पना बळावली, आणि पुढे युद्धात मध्य प्रशांत महासागरातील मोहीम मुख्यतः त्याच रीतीने झाली.

जपानी बाजूची कथा अधिक नाट्यमय असल्यामुळे तिचा विपर्यासही अधिक झाला आहे. मिडवे बेटावरील स्वारीची तालीम मे १९४२ च्या आरंभी हाशिराजिमा येथे नांगरलेल्या ‘यामातो’ या युद्धनौकेवर झाली, आणि मुख्य पंच होते जपानी संयुक्त आरमाराचे सेनापती यामामोतो यांचे कार्यप्रमुख मातोमे उगाकी. खेळात बेटावरील अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला, तेव्हा ओकुमिया या अधिकाऱ्याने फासे टाकून नऊ तडाखे मोजले आणि ‘आकागी’ व ‘कागा’ या दोन्ही नौका बुडाल्याचे जाहीर केले. उगाकी यांनी नऊचे तीन केले. आकागी थोड्या नुकसानीवर बचावली आणि बुडालेली कागाही मोहिमेच्या पुढच्या टप्प्याच्या खेळात पुन्हा तरंगू लागली. ४ जून रोजी या दोन्ही नौका, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ यांच्यासह, खरोखरच भस्मसात झाल्या, त्यामुळे पंचाचा हा हस्तक्षेप आत्मवंचनेचा नमुना म्हणून सांगितला जातो.

वॉरगेमचे अभ्यासक पीटर पर्ला यांनी या निवाड्याला दिलेले उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. उंचावरून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना धावत्या जहाजावर नेम साधणे अत्यंत अवघड असते. प्रत्यक्ष लढाईत मिडवेवरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब त्या नौकांना लागला नाही. म्हणजे फाशांपेक्षा उगाकीच वास्तवाच्या जवळ होते. शिवाय खेळातून खरा प्रश्न पुढे आला होता : बेटावर हल्ला चालू असताना शत्रूच्या विमानवाहू नौका बगलेवर प्रकटल्या तर काय? त्यावर निम्मी विमाने जहाजांविरुद्धच्या शस्त्रांसह राखीव ठेवावीत, अशी सूचनाही निघाली. परंतु ४ जूनच्या सकाळी सव्वासातच्या सुमारास जपानी विमानवाहू नौकांच्या ताफ्याचे प्रमुख नागुमो यांनी बेटावर दुसरा हल्ला करण्यासाठी राखीव विमानांची शस्त्रे बदलण्याचा हुकूम दिला आणि शत्रूची जहाजे दिसल्याची वार्ता येताच अर्ध्या तासात तो थांबवला. दोष फासे बदलण्यात नव्हता. पटाने विचारलेला प्रश्न ऐकूनही सोडून देण्यात होता.

हा अर्धा तास घरगुती पटावर किती जड असतो, हे ‘फ्लॅट टॉप’ या १९७७ च्या खेळात अनुभवता येते. एस. क्रेग टेलर यांनी रचलेल्या या खेळात एक फेरी म्हणजे एक तास, आणि प्रत्येक विमानवाहू नौकेच्या तक्त्यावर विमानांचे तीन रकाने असतात : नुकतीच उतरलेली, सज्ज होत असलेली आणि सज्ज. सोंगट्या एका रकान्यातून दुसऱ्यात सरकायला वेळ लागतो, शस्त्र कोणते चढवायचे हे आधी ठरवावे लागते, आणि शत्रू नेमका कुठे आहे हे तोवर कळलेले नसते. त्याआधी १९६४ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने काढलेल्या ‘मिडवे’मध्ये दोन्ही खेळाडू आडोशामागे आपापला पट ठेवून शोधाच्या जागा पुकारत, लपलेल्या शत्रूची धास्ती तेवढ्यानेही पुरेशी निर्माण होई. मार्क हरमन यांचे ‘पॅसिफिक वॉर’ (१९८५) आणि ‘एम्पायर ऑफ द सन’ (२००५) हे खेळ सबंध मोहिमेचा आवाका घेतात. त्यांचे मोल निराळे असले, तरी एकेका सकाळची घालमेल त्यांत शोधू नये.

युद्धकाळात प्रशांत महासागरातील अमेरिकी आरमाराचे सेनापती असलेले चेस्टर निमिट्झ हे न्यूपोर्टचे माजी विद्यार्थी होते. अखेरच्या काळातील जपानी वैमानिकांचे आत्मघाती कामिकाझे हल्ले सोडले तर या युद्धातले सारे काही तेथील दालनात आधीच घडून गेले होते, असे त्यांनी पुढे म्हटले आणि ते वाक्य फार प्रसिद्ध झाले. कृतज्ञतेपोटी निघालेले हे विधान शब्दशः घेऊ नये. प्राणवायूवर चालणारा आणि सर्वाधिक वेगानेही वीस किलोमीटर मजल मारणारा जपानी ‘टाइप ९३’ टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, न्यूपोर्टच्या तक्त्यांत नव्हता. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तासाफारोंगा येथे आठ जपानी विनाशिकांनी त्याच पाणतीरांनी चार अमेरिकी क्रूझर टिपल्या. त्यांतली ‘नॉर्थॅम्प्टन’ बुडाली, आणि जपानने एकच विनाशिका गमावली. अमेरिकी पाणबुड्यांचा ‘मार्क १४’ पाणतीर ठरल्यापेक्षा खोल जातो आणि लक्ष्यावर आदळूनही पुष्कळदा फुटत नाही, हेही कोणत्या तक्त्यात नव्हते, आणि तो दोष दूर व्हायला जवळजवळ दोन युद्धवर्षे गेली.

तेव्हा असा खेळ विकत घेणाऱ्या वाचकाने सोंगट्या मांडण्यापूर्वी नियमपुस्तिकेतील तक्ते सावकाश वाचावेत. १९४२ मधील रात्रीच्या चकमकींत जपानी पाणतीराला आणि १९४३ पूर्वीच्या अमेरिकी पाणतीराला रचनाकाराने कोणते आकडे दिले आहेत, एवढे तपासले तरी खेळ अभ्यासाचा आहे की नुसत्या करमणुकीचा, हे कळते.